वार, मधुकरी आणि वसतिगृह : महाराष्ट्रातील विद्यापीठीय विद्यार्थीजीवनाच्या पूर्वतयारीचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी, विशेषतः ग्रामीण भागातून येणारा विद्यार्थी, पुरेशी पूर्वतयारी न करता येतो, ही तक्रार प्राध्यापकवर्गात सातत्याने ऐकू येते. या तक्रारीत पूर्वतयारी म्हणजे इंग्रजीचे ज्ञान, वाचनाची सवय आणि वर्गात टिपणे घेण्याची क्षमता एवढाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. विद्यार्थी कोठे राहतो, काय जेवतो, रात्री कोणाच्या दिव्याखाली वाचतो आणि आजारी पडल्यास त्याच्या उशाशी कोण बसते, हे प्रश्न शिक्षणाच्या इतिहासातही फारसे विचारले गेलेले नाहीत. विद्यापीठांचे कायदे, आयोगांचे अहवाल आणि संस्थापकांची चरित्रे यांवर विपुल लेखन झाले आहे. विद्यार्थ्याच्या भाकरीचा इतिहास मात्र आत्मचरित्रांच्या पानांत विखुरलेला राहिला.

प्रस्तुत लेखात मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने उच्च शिक्षणाच्या प्रत्यक्ष जीवनासाठी केलेली, किंवा त्याच्यासाठी समाजाने केलेली, तयारी तपासली आहे. पूर्वतयारी हा विद्यार्थ्याचा वैयक्तिक गुण नसून ती एक सामाजिक व्यवस्था होती. ही व्यवस्था ज्यांना जन्माने उपलब्ध होती त्यांना ती दिसली नाही, आणि ज्यांना उपलब्ध नव्हती त्यांना ती वसतिगृहाच्या रूपाने नव्याने उभारावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी संमत झाला. या तिन्ही विद्यापीठांपुढे लंडन विद्यापीठाचा आदर्श होता. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांच्याप्रमाणे विद्यार्थ्याने महाविद्यालयात राहावे, शिक्षकांसोबत जेवावे, तेथेच वाढावे ही कल्पना त्यांच्या रचनेत नव्हती. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे होते. राहण्या-जेवण्याचे काम कोणाचेच नव्हते.

विद्यापीठाच्या दारात मॅट्रिकची परीक्षा उभी होती. १८५९ मध्ये झालेल्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत केवळ २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चार विद्यार्थी होते. या पिढीच्या बुद्धिमत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि तिच्या पाठीशी असलेल्या आर्थिक आधाराकडेही पाहिले पाहिजे. रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमदानीत हळूहळू शिक्षणाकडे वळवण्यात आला आणि त्यातून महाविद्यालयीन फेलोशिप निर्माण झाल्या. म्हणजे राज्याच्या तिजोरीतून विद्यार्थ्याच्या उदरनिर्वाहाला हातभार लावण्याची प्रथा नव्या शिक्षणाने शून्यातून आणली नाही, तर एका जुन्या प्रथेला वेगळे वळण दिले. ज्या समाजाला त्या जुन्या प्रथेत स्थान नव्हते, त्याला वळणानंतरही दीर्घकाळ स्थान मिळाले नाही.

मॅट्रिकनंतर प्रीव्हियस, इंटर आणि बी.ए. अशा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर गळती होत असे, आणि गळतीचे कारण नेहमी बुद्धीतच शोधले जाई.

वार, मधुकरी आणि नातेवाइकांचे घर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून पुण्या-मुंबईला शिकण्यासाठी येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलापुढे साधारणपणे तीन मार्ग असत. पहिला, शहरातील नातेवाइकाच्या घरी राहणे. दुसरा, वार लावून जेवणे, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका ओळखीच्या घरी जेवणाची सोय करून घेणे. तिसरा, मधुकरी मागणे. या तिन्ही मार्गांना धर्माची आणि परंपरेची मान्यता होती. विद्यार्थ्याला अन्न घालणे हे पुण्यकर्म होते. वेदपाठशाळेतील बटूसाठी असलेली ही सोय इंग्रजी शाळेतील आणि महाविद्यालयातील मुलाला तशीच लागू झाली. शिखा ठेवलेला, संध्या करणारा मुलगा मिल आणि शेक्सपिअर वाचत असला, तरी यजमानाच्या दृष्टीने तो विद्यार्थीच होता.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिच्यातील अपमान विसरता येत नाही. वाराच्या घरी उशीर झाला तर काय, सोयरसुतक आले तर काय, यजमानीण नाराज झाली तर काय, या विवंचना त्या पिढीच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतात. सात घरांपैकी दोन घरी वार न मिळाल्यास आठवड्यात दोन दिवस अर्धपोटी काढावे लागत. तरीही ही एक व्यवस्था होती आणि शहरात पाऊल ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याला ती माहीत असे. कोणाकडे जायचे, काय बोलायचे, कसे बसायचे याचे शिक्षण त्याला घरीच मिळालेले असे. पूर्वतयारी या शब्दाचा हा अर्थ शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच सापडतो.

काही उदाहरणे प्रसिद्ध आहेत, परंतु ती या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहेत. धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी कोकणातील मुरुडहून कुंभार्ली घाटाने भर पावसात पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. मुंबईत शिकवण्या करून त्यांनी स्वतःचा खर्च भागवला आणि पुढे र. पु. परांजपे यांच्यासारख्या नात्यातील मुलांच्या शिक्षणाला आधार दिला. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. एका माणसाने शहरात पाय रोवले की त्याच्यामागून गावातील, नात्यातील पुढचा मुलगा येतो, ही साखळी कोकणातील शिक्षणप्रसाराचे खरे कारण आहे. रँग्लर परांजपे यांची गणितातील प्रतिभा त्यांची स्वतःची होती. मुंबईतील बिऱ्हाड मात्र कर्व्यांचे होते.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतीत ही साखळी थेट रुपयांत मोजता येते. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा गोपाळरावांना पाठवीत. गोखले १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी पदवीधर झाले. एका पदवीची किंमत दुसऱ्या भावाच्या न झालेल्या शिक्षणाने भरली गेली. अशी किती घरे असतील याची नोंद विद्यापीठाच्या कॅलेंडरांत नाही.

गोपाळ गणेश आगरकरांकडे ही साखळीही नव्हती. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा मुलगा शिक्षणासाठी अकोल्यापर्यंत गेला आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. अंगातला एकच सदरा रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्यांच्याविषयीची आठवण सर्वपरिचित आहे. सामान्यतः ती आगरकरांच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती त्याबरोबरच महाविद्यालयाच्या उदासीनतेचीही नोंद आहे, याकडे दुर्लक्ष होते. एकाच सदऱ्यावर वर्षे काढणारा विद्यार्थी शिक्षकांच्या रोजच्या दृष्टीस पडत असणार.

शरीराचा प्रश्न

डेक्कन कॉलेजची येरवड्याची इमारत १८६८ मध्ये पूर्ण झाली आणि तेथे विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय होती. बाळ गंगाधर टिळक राहत होते ती खोली तेथे आजही दाखवली जाते. टिळकांनी कॉलेजचे पहिले वर्ष प्रकृती सुधारण्यासाठी व्यायामात घालवले आणि त्या वर्षी ते परीक्षेत मागे पडले. चरित्रकारांनी याकडे टिळकांच्या करारी स्वभावाचे लक्षण म्हणून पाहिले. परंतु हा निर्णय त्या काळच्या एका मोठ्या सामाजिक चिंतेशी जोडून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

१८९० च्या दशकात मुंबई विद्यापीठाचे पदवीधर अकाली मृत्युमुखी पडत आहेत, हा विषय जाहीर चर्चेत आला. डॉ. भांडारकर १८९३ ते १८९५ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि न्या. रानडे यांनी पदवीधरांच्या मृत्युसंख्येचा अभ्यास हाती घेतला. परकीय भाषेतील अभ्यासाचा ताण, अपुरा आहार, व्यायामाचा अभाव आणि लहान वयात झालेले लग्न ही कारणे त्या काळी मांडली जात. चर्चा केवळ आकड्यांची नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिशीही न गाठता वारले होते. आगरकर १८९५ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच गेले. पहिल्या तुकडीच्या दोन पदवीधरांना आपल्या पाठच्या पिढ्यांच्या मृत्यूंचा विचार करावा लागावा, ही गोष्ट विद्यापीठाच्या पहिल्या चाळीस वर्षांविषयी कोणत्याही पदवीदान भाषणापेक्षा अधिक सांगते. बौद्धिक पूर्वतयारी पक्की असलेला हा वर्ग होता. संस्कृत, पाठांतर, घरातील ग्रंथ, सगळे त्याच्याजवळ होते. तरीही विद्यार्थीजीवनाची रोजची वास्तविकता त्याच्या शरीराला पेलत नव्हती.

शासनाच्या दृष्टीने वसतिगृहाचा प्रश्न पुढे आला तो आरोग्याइतकाच शिस्तीच्या अंगाने. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०२ चा विद्यापीठ आयोग आणि त्यामागून १९०४ चा भारतीय विद्यापीठ कायदा आला. आईवडील किंवा पालकांजवळ न राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय महाविद्यालयात किंवा महाविद्यालयाने मान्य केलेल्या ठिकाणी असावी, अशी अट या कायद्याने संलग्नतेसाठी घातली. विद्यार्थ्याचे राहणे ही विद्यापीठाची बाब आहे, हे प्रथमच कायद्यात आले. ज्या कायद्याला राष्ट्रीय चळवळीने सरकारी नियंत्रणाचे हत्यार म्हणून कडाडून विरोध केला, त्याच कायद्यात हे कलम होते. विरोध योग्यच होता. मात्र त्या गदारोळात या कलमाकडे कोणी फारसे पाहिले नाही. वसतिगृह हे नियंत्रणाचे साधन ठरू शकते याचा अनुभव पुण्यात लवकरच आला. १९०५ मध्ये परदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर यांना फर्ग्युसन कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. त्या वेळी प्राचार्य होते र. पु. परांजपे.

विद्यार्थिनींचा प्रश्न

विद्यार्थिनींच्या बाबतीत पूर्वतयारीचा अर्थ मुळातच वेगळा होता. वार किंवा मधुकरी ही सोय मुलीला लागू नव्हती. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून शिकून १८८८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पुरुष विद्यार्थी वर्गाची दारे त्यांच्या तोंडावर लावून घेत, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. त्यांच्यामागे पुण्यातील सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंब होते. ज्या हिंदू विधवेच्या मागे कुटुंब उभे राहणारच नव्हते, तिच्यासाठी निवास हाच शिक्षणाचा आरंभ होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये स्थापन केलेले शारदा सदन आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला व १९०० मध्ये हिंगण्याला नेलेला अनाथ बालिकाश्रम या दोन्ही संस्था प्रथम निवास आणि मग शाळा अशा क्रमाने उभ्या राहिल्या. कर्व्यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई या शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी होत.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेचे माध्यम आणि वेगळा अभ्यासक्रम यांमुळे त्यावर टीका झाली. स्त्रियांना दुय्यम प्रतीचे शिक्षण दिले जात आहे हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कर्व्यांची कृती असाधारण आहे. मॅट्रिकच्या चाळणीसाठी विद्यार्थिनींना तयार करण्याऐवजी त्यांनी चाळणीच बदलली. 

कोल्हापूरची वसतिगृहे

शेतकऱ्याच्या, कारागिराच्या किंवा अस्पृश्य समाजातील मुलाला शहरात ना नातेवाईक होता, ना वाराचे घर, ना मधुकरी. त्याला खोली भाड्याने कोणी देत नव्हते आणि खानावळीत पंगतीला बसू दिले जात नव्हते. फी माफ झाली तरी त्याचे शिक्षण शक्य नव्हते. हे नेमके ओळखणारा पहिला राज्यकर्ता म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजशी जोडलेले सर्व जातींसाठीचे वसतिगृह कोल्हापुरात सुरू झाले. व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच राहिले. दार सर्वांना उघडे ठेवले की सर्व आत येतात, हा समज या अनुभवाने खोटा ठरवला. ज्याची शाळा सुटलेली नाही तोच वसतिगृहात येऊ शकतो, आणि स्वयंपाकघर एका जातीच्या सोवळ्याने चालत असेल तर दुसऱ्या जातीचा मुलगा फार दिवस टिकत नाही.

या अनुभवानंतर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी जैन वसतिगृह, पुढे १९०६ च्या सुमारास मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी वसतिगृहे उभी राहिली. संस्थानाने जागा, इमारती आणि वार्षिक अनुदाने दिली. २६ जुलै १९०२ च्या सुप्रसिद्ध आदेशाने संस्थानी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. या आदेशाची आणि वसतिगृहांची चर्चा स्वतंत्रपणे केली जाते, हे योग्य नाही. जागा राखून ठेवायच्या तर त्या भरण्यास पात्र तरुण हवेत, आणि ते तयार व्हायचे तर ते कोल्हापुरात कोठेतरी राहायला हवेत. वसतिगृहाविना १९०२ चा आदेश कागदावरच राहिला असता.

जातवार वसतिगृहांनी जातीयता पक्की केली असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि पुढेही घेतला जातो. त्यात तथ्य आहे. मात्र हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी अनेकांना वाराच्या घरांची जात कधी दिसली नव्हती. जातीचे वसतिगृह शाहूंनी निर्माण करण्यापूर्वी पुण्याच्या पेठांत ते पिढ्यान् पिढ्या चालू होते. त्याला पाटी नव्हती, एवढेच. दुसरीकडे, कोल्हापूरच्या वसतिगृहांच्या मर्यादेचा सर्वांत बोलका पुरावाही कोल्हापुरातच घडला. जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला, परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

साताऱ्याचे बोर्डिंग

स्वतः मॅट्रिक न झालेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, स्वयंपाक करू आणि एकाच पंगतीत जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. मुलांचे पोट भरण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. या प्रसंगाचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत. त्याचा हिशेबी अर्थ असा की वसतिगृहाचे उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ बसत नव्हता आणि फरक एका स्त्रीच्या स्त्रीधनातून भरला जात होता. गोखल्यांच्या घरातील थोरल्या भावाची जागा येथे संस्थापकाच्या पत्नीने घेतली.

साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये मुले दळण दळीत, लाकडे फोडीत, शेतात राबत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद होते. शेतकऱ्याच्या मुलाला अंगमेहनतीची सवय आधीच होती. त्याला हवी होती ती त्या मेहनतीची लाज न वाटण्याची सवय. इंग्रजी शिकलेला माणूस नांगर धरत नाही, हा समज खेड्यात आणि शहरात सारखाच रुजलेला होता. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात कमवा आणि शिका ही पद्धत पदवीच्या स्तरावर आली. विद्यार्थी दिवसातील काही तास काम करून आपला खर्च भागवी आणि तोच विद्यार्थी दुपारी वर्गात बसे. रयतच्या छत्राखाली वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य आणि त्यानंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातही पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी कमवा आणि शिका योजनेला स्थान दिले.

या योजनेबद्दल एक प्रश्न मात्र विचारला पाहिजे. काम करून शिकणाऱ्याच्या हाती वाचनासाठी किती वेळ उरतो? कमवा आणि शिका ही योजना श्रमप्रतिष्ठेचे शिक्षण म्हणून गौरवली गेली, पण श्रमप्रतिष्ठा शिकण्याची गरज ज्यांना सर्वाधिक होती त्या सुखवस्तू घरांतील मुलांनी ती क्वचितच स्वीकारली. गरिबाने कमवावे आणि शिकावे, श्रीमंताने नुसते शिकावे, अशी विभागणी प्रत्यक्षात राहिली. त्यामुळे योजनेचे मोल कमी होत नाही. तिला करावे लागलेले काम अधिक स्पष्ट होते.

सोलापूर ते औरंगाबाद

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण बडोदा संस्थानच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर झाले. १९१२ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले तेव्हा परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंबाच्या गर्दीत त्यांनी अभ्यास केला होता. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूर येथे १९२५ मध्ये सुरू केलेले वसतिगृह. आंबेडकरांच्या शैक्षणिक कार्याची चर्चा सामान्यतः महाविद्यालयांपासून सुरू होते. प्रत्यक्षात त्यांनी वसतिगृहे प्रथम काढली आणि महाविद्यालये दोन दशकांनंतर. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन झाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, कारण तेथील विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करायची असे. महाविद्यालयाचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या जीवनाकडे पाहून आखल्याचे हे मुंबईतील विरळा उदाहरण होय.

१९५० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. मराठवाड्याचा प्रश्न वेगळाच होता. हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि संस्थान विलीन झाल्यावर महाविद्यालयात इंग्रजी असा तीन भाषांचा प्रवास त्या पिढीने अवघ्या काही वर्षांत केला. पदवीसाठी हैदराबाद गाठण्याची ऐपत नसलेल्या मुलांसाठी नागसेनवनातील वसतिगृहे हे पहिले दार होते. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ च्या सुमारास तेथे विद्यार्थ्यांनी सादर केले. १९६० च्या दशकात प्राचार्य म. ना. वानखडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्याभोवती जमलेल्या तरुणांतून ‘अस्मितादर्श’ची चळवळ उभी राहिली.

दलित साहित्याचा उगम शोधताना वैचारिक प्रभावांची चर्चा होते आणि ती आवश्यकही आहे. पण रात्री दिवा जळत ठेवण्याची परवानगी असलेली खोली, शेजारच्या खाटेवर त्याच अनुभवातून आलेला मित्र आणि दोन वेळचे निश्चित जेवण या गोष्टींवाचून ते लेखन झाले असते का, हा प्रश्नही त्या चर्चेत आला पाहिजे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील वसतिगृह आणि प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधील शिक्षणासाठीची भूक हे वाङ्मयाइतकेच शिक्षणेतिहासाचे साधन आहे.

पुण्यातही वार आणि मधुकरीची जागा संस्था घेत होत्या. १९०९ मध्ये स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह मधुकरीच्या परंपरेतूनच उभे राहिले. १९५५ मध्ये डॉ. अच्युत आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू झाली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फी माफीची, म्हणजे ई.बी.सी.ची सवलत आली आणि बहुजन समाजातील विद्यार्थ्यांची पहिली मोठी लाट महाविद्यालयांत शिरली. पुढच्या दशकांत तालुक्याच्या गावी निघालेल्या महाविद्यालयांनी ती आणखी वाढवली.

दहावी, बारावी आणि खोली

विद्यापीठात प्रवेश करण्याचे वय आणि ठिकाण यांविषयीचा वाद जुना आहे. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) इंटरचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे करावेत असे सुचवले होते. मुलगा फार लहान वयात आणि अपुऱ्या तयारीने विद्यापीठात येतो, हेच कारण त्याने दिले होते. राधाकृष्णन आयोग (१९४८–४९) आणि कोठारी आयोग (१९६४–६६) यांनीही बारा वर्षांच्या पूर्वशिक्षणाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात जुनी अकरावी १९७५ मध्ये संपली, दहावीची पहिली परीक्षा त्याच वर्षी झाली आणि प्री-डिग्रीचे वर्ष कनिष्ठ महाविद्यालयात गेले. बौद्धिक तयारीचा प्रश्न अशा रीतीने विद्यापीठाबाहेर ढकलला गेला. राहण्या-जेवण्याचा प्रश्न या तिन्ही आयोगांच्या शिफारशींत होता, परंतु राज्याच्या आकृतिबंधात त्याला जागा मिळाली नाही.

शासकीय वसतिगृहांच्या जागा प्रवेशांच्या मानाने अपुऱ्या पडत गेल्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६–१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. निवास, भोजन आणि इतर खर्चासाठी रोख रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची ही योजना असून आरंभी मोठ्या शहरांसाठी ती वार्षिक ६०,००० रुपये ठरवण्यात आली. दक्षिणा फंडानंतर प्रथमच शासन विद्यार्थ्याला थेट त्याच्या भाकरीसाठी एवढ्या व्यापक प्रमाणावर पैसे देऊ लागले, असे म्हणता येईल.

या पैशातून विद्यार्थी शहरात कॉट बेसिसवर जागा घेतो, मेस लावतो किंवा डबा लावतो. डबा लावणे या क्रियापदात वार लावण्याचा पडसाद आहे. फरक असा की वाराच्या घरी मुलाच्या अभ्यासाची चौकशी होत असे, आणि साताऱ्याच्या किंवा नागसेनवनाच्या वसतिगृहात रेक्टरला मुलाच्या गावाचे नाव ठाऊक असे. कॉट बेसिसच्या खोलीत हप्ता जमा होण्यास उशीर झाला की चौकशी फक्त भाड्याची होते. असा विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासाला गैरहजर राहतो, तेव्हा हजेरीपटावर त्याच्या नावापुढे तेवढीच एक खूण पडते.